अठ्ठ्याण्णव टक्के, पण कशाचे?

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावर चालतो. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड बराचसा जाऊ देतं, रिकामं हिमोग्लोबिन तो शोषतं. अवरक्त किरणांचं उलट. म्हणून त्यात ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन दिवे. पण कातडी, नख, हाडही उजेड खातात. त्यातून रक्त वेगळं कसं काढायचं? जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले ताकुओ आओयागी हृदय किती रक्त फेकतं ते मोजू पाहत होते आणि नाडीची थरथर त्यांच्या आड येत होती. १९७४ मध्ये त्यांनी तिलाच कामाला लावलं: दर ठोक्याला हलतं ते धमनीतलं रक्त, बाकी वजा. मनगटी घड्याळातला हिरवा दिवाही याच हलण्यावरून ठोके मोजतो.

कोविडात बोटाचं हे यंत्र आशाताईंच्या पिशवीत आलं, पुढे घराघरांत पोचलं. वर्ध्याकडच्या एखाद्या गावात कापूस वेचून धापा टाकत आलेली बाई त्यात बोट घालते. ९८! "ऑक्सिजन त बरा हाये," म्हणून घरचे मोकळे. पण तो आकडा असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं, एवढंच सांगतो. हिमोग्लोबिन १३ असो की ६, तो ९८ येऊ शकतो. गाडीला डबे किती ते न सांगता सगळे भरलेत म्हणावं, तसं. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी याहून जुनं साधन तपासलं: स्वतःची नजर. पापणी, जीभ, तळहात, नखं यांचा फिकेपणा त्यांनी रक्ततपासणीशी ताडला. २०१० मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की रक्त फारच कमी असेल तर नजर बऱ्यापैकी कामी येते. सौम्य रक्तक्षय निसटतो. आपल्याच नजरेची अशी उलटतपासणी घड्याळवाल्या कंपन्यांनी जाहिरातीत केलेली निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

कातडीचा रंगही आडवा येतो. अमेरिकेत २०२० च्या एका अभ्यासात यंत्राने ठीक दाखवलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांत प्रत्यक्षात प्राणवायू कमी असण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. विदर्भात भरीला सिकलसेल आहे. त्यात यंत्राचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी नेहमी जुळत नाही.

न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळांचं तर विचारूच नका. असं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं. साखरेसाठी बोट टोचा. धाप लागत असेल, तर ९८ दिसले तरी आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.