पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग

जुन्या शिडाच्या बोटीत पंख्याजवळ शाफ्टला आधार देणारं बेअरिंग म्हणजे पितळी नळी आणि आत खाचांचं रबर. खाचांतून वाहणारं समुद्राचं पाणी हेच त्याचं वंगण. बोट किनाऱ्यावर चढवली की पंखा धरून वर-खाली हलवून बघा. 25 मिमी शाफ्टला दीड मिमीच्या आसपास खेळ जाणवला, तर बेअरिंग गेलं. जुनी नळी हातोड्याने ठोकू नका, बेअरिंग धरून ठेवणारा स्ट्रट वाकतो. पुलर नसेल तर शाफ्ट काढून हॅकसॉचं पातं आत घालावं आणि नळीला लांबीत चीर द्यावी (किचकट काम आहे, घाई केलीत की स्ट्रटच कापाल). नवं बसवताना साबणाचं पाणी पुरे. रबर एकाच बाजूने झिजलेलं दिसलं, तर संशय इंजिनाच्या अलाइनमेंटवर घ्या. ते मात्र बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनी तपासायचं, कारण तरंगताना बोटीचा सांगाडा किंचित आकार बदलतो.