टाइमप्लीज नसलेला डाव

लहानपणी आमच्या गल्लीत कुठलाही खेळ मांडला तरी दोन सोयी ठरलेल्या असायच्या. कुणाचं तरी धाकटं भावंड मागे लागलं, की त्याला 'कच्चा लिंबू' करून घ्यायचं. तो पळणार, पकडला जाणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. आणि चपलेचा अंगठा तुटला किंवा आईची हाक आली, की 'टाइमप्लीज' म्हणून ओरडायचं. तेवढा वेळ कुणी हात लावायचा नाही.

ऑनलाइन खेळांमधल्या 'हार्डकोअर' प्रकारात या दोन्ही सोयी काढून घेतलेल्या असतात. एक कॅरेक्टर, एक जीव. मेला की संपला, मग त्याला शंभर तास घालून वाढवलेलं असो की कालच जन्माला घातलेलं. नियम एका ओळीत मावतो. पण तो हजारो माणसं एकाच वेळी खेळत असलेल्या जगात चालवायचा, तर बनवणाऱ्यांना बराच विचार करावा लागतो. तो कसा, हे एकदा सावकाश पाहण्यासारखं आहे.

सुरुवात एकट्याच्या खेळापासून झाली. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९८०च्या सुमारास 'रोग' हा खेळ लिहिला. त्यात साठवलेला डाव पुन्हा उघडला की साठवणीची फाइल पुसली जायची. चूक झाली म्हणून मागच्या डावावर परत जायची वाट त्यामुळे बंद झाली. लोकांनी अर्थातच फाइलची आधीच एक प्रत काढून ठेवायला सुरुवात केली. ही पळवाट एकाच कॉम्प्युटरवर पूर्णपणे बुजवता येत नाही, कारण फाइल खेळाडूच्याच घरात असते. २००० साली आलेल्या 'डायब्लो २'मध्ये ऑनलाइन खेळणाऱ्यांची कॅरेक्टर कंपनीच्या सर्व्हरवर राहू लागली आणि मरणाची नोंद खेळाडूच्या हातातून गेली. तिथे हार्डकोअरचं दार साध्या पद्धतीने खेळ एकदा पूर्ण केल्यावरच उघडायचं. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. ज्याला काय गमवायचं आहे हेच ठाऊक नाही, त्याच्याकडून अशी पैज लावून घेऊ नये.

यापुढे उदाहरण म्हणून मुख्यतः 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक' घेतो. यातला हार्डकोअर प्रकार खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने आधी आखला नव्हता. खेळाडूंनीच 'मेलो तर कॅरेक्टर पुसून टाकीन' असा आपापसात नियम केला, तो पाळला जातो की नाही हे पाहणारं ॲडऑन लिहिलं, आणि मग ऑगस्ट २०२३मध्ये ब्लिझार्डने त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर उघडले. त्यातल्या एका अमेरिकन सर्व्हरचं नाव 'डेफियस पिलेजर'. वेस्टफॉल नावाच्या सुरुवातीच्या शेतीभागात फिरणारा, लांबून आगीचे गोळे फेकणारा हा एक सामान्य दरोडेखोर. अनेकांचा पहिला शेवट त्याच्याच हातून झाला.

या मरणाची रचना नीट बघावी. तुम्ही एका दरोडेखोरावर हल्ला करता. जीव कमी होताच तो पळत सुटतो आणि जाताना वाटेतल्या दुसऱ्यांना जागं करतो. तुम्ही त्याच्या मागे धावता. आता तिघं तुमच्यावर आहेत, औषधाची बाटली नुकतीच वापरून झाली आहे, आणि तुम्ही पळण्याऐवजी 'एवढा एक मारतो' म्हणून थांबता. मरण येतं ते या चौथ्या-पाचव्या निर्णयाशी. नंतर खेळाडू मागे वळून बघतो तेव्हा त्याला प्रत्येक पायरी दिसते आणि कुठे वळायला हवं होतं तेही दिसतं. हार्डकोअरची सगळी रचना माझ्या मते याच एका कसोटीवर उभी आहे: मेल्यावर माणसाला 'माझं चुकलं' असं मनापासून म्हणता आलं पाहिजे. भरलेला जीव एका घावात, कसलीही चाहूल न देता संपवणारा शत्रू साध्या खेळात चालून जातो. इथे तो डिझाइनरचा गुन्हा ठरतो.

आता अवघड भाग. मेला हे ठरवायचं कुणी? तुमच्या पडद्यावर जे दिसतं ते जग खरं नसतं, सर्व्हरवरच्या जगाची ती किंचित जुनी प्रत असते. किती जुनी, याचा हिशेब करता येतो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला निसर्गनियमानेच ६५ मिलिसेकंद लागतात. त्यात वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, तेव्हा प्रत्यक्ष आकडा शंभराच्या वर जातो. तेवढ्या वेळात तुम्ही पडद्यावर बाजूला झालेले असता आणि सर्व्हरच्या लेखी अजून जागेवरच उभे असता.

यावर एक उपाय म्हणजे खेळाडूच्या कॉम्प्युटरचा शब्द प्रमाण मानायचा. २०११ सालच्या 'रिअल्म ऑफ द मॅड गॉड'मध्ये गोळी लागली की नाही, हे खेळाडूच्याच बाजूला ठरायचं. जे डोळ्यांना दिसतं तेच घडतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण 'मला लागलंच नाही' असं खोटं सांगणारा प्रोग्रॅम लिहिणं मग सोपं होतं, आणि त्या खेळाला लबाडांनी खूप छळलं. म्हणून बहुतेक ठिकाणी निवाडा सर्व्हरकडे असतो आणि उशिराची भरपाई खेळाच्या गतीत करावी लागते. वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये एक मंत्र वापरला की बहुतेक वेळा दीड सेकंद दुसरा वापरता येत नाही. ही संथ लय २००४ सालच्या इंटरनेटसाठी होती, पण हार्डकोअरला ती वरदान ठरली. दीड सेकंदापुढे शंभर मिलिसेकंद फारसे जाणवत नाहीत. ज्या खेळात पाव सेकंदात जगणं-मरणं ठरतं, तिथे एकच जीव ठेवण्याआधी सर्व्हर खेळाडूंच्या जवळ आणावे लागतात.

आणि नेट तुटलं तर? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, राउटर बंद पडतो. पडदा गोठतो आणि तिकडे राक्षस थांबत नाही, हा अनुभव मी घेतला आहे. सर्व्हरला मात्र लाइट गेली आणि घाबरून वायर उपटली, यातला फरक कळत नाही. त्याला दोन्ही वेळी फक्त शांतता ऐकू येते. तुटलेल्याला लगेच जगातून उचललं, तर प्रत्येकाला वायर उपटणं हीच जादूची ढाल मिळते. तसंच ठेवलं, तर निष्पाप मरतात. वॉरक्राफ्टने दुसरी बाजू घेतली: उघड्या मैदानात लॉगआउटला वीस सेकंद लागतात आणि खेळ जबरदस्तीने बंद केला तरी कॅरेक्टर काही काळ तिथेच उभं राहतं. न्यूझीलंडच्या 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये उलट, संकटात चटकन बाहेर पडणं खेळाडू सर्रास वापरतात आणि त्याबद्दल शिक्षा होत नाही. 'डायब्लो ४'ने मधली वाट काढली. तिथे सुटकेची एक गुंडाळी मिळते. ती जवळ असेल, तर नेट तुटताच आपोआप वापरली जाते आणि कॅरेक्टर गावात पोचतं. ही वाट मला सगळ्यांत न्याय्य वाटते, कारण तिच्यात तुटण्याची किंमत आहे, पण ती जिवाची नाही.

राक्षसांपेक्षा माणसं अधिक धोक्याची असतात. साध्या खेळात कुणी खोड काढली तर पाच मिनिटं जातात, इथे चार महिने जातात. एखादा बलाढ्य प्राणी ओढत नवशिक्यांच्या गावात आणून सोडणं ही जुनीच दुष्टाई. म्हणून वॉरक्राफ्टच्या हार्डकोअर सर्व्हरवर प्राण्यांचा 'दोर' आखूड केला, ठरावीक अंतरापलीकडे ते माघारी फिरतात. नकळत खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत ओढलं जाण्याच्या वाटाही बंद केल्या. पण लढाई पूर्ण वर्ज्य केली नाही. 'मकगोरा' नावाचं जीवघेणं द्वंद्व ठेवलं, ज्यात दोघांचीही स्पष्ट संमती लागते. जिंकणाऱ्याच्या नावावर हरलेल्याचा कान माळेत ओवला जातो. मरण संमतीने ओढवून घेतलेलं असेल तर ते वरच्या कसोटीत बसतं.

पळवाटाही बुजवाव्या लागतात. पॅलाडिन या प्रकारच्या योद्ध्याला पूर्वी अभेद्य कवच घालून त्याच्या आत बसून घरी परतता यायचं, ते इथे चालत नाही. आणि शेवटच्या पातळीपर्यंत पोचेस्तोवर एका डंजनमध्ये दिवसातून एकदाच जाता येतं, नाहीतर लोक ओळखीच्या सुरक्षित गुहेतच फेऱ्या मारून मोठे झाले असते आणि बाहेरचं जग ओस पडलं असतं.

मग येतो अर्जांचा प्रश्न. 'सर्व्हरमुळे मेलो, परत करा.' ब्लिझार्डचा नियम सुरुवातीपासून कडक होता: कारण काहीही असो, जीव परत मिळणार नाही. निष्ठुर वाटतो, पण त्यामागे विचार आहे. प्रत्येक अर्ज तपासायचा तर माणसं बसवावी लागतात, आणि एकाला परत दिल्यावर दुसऱ्याला नाही का म्हणायचं? शिवाय दया मिळू शकते हे कळलं की मरणाची भीती पातळ होते. हा नियम मार्च २०२५मध्ये मोडावा लागला. प्रसिद्ध स्ट्रीमर्सचा मोठा गट एकत्र लढत असताना कुणीतरी बाहेरून सर्व्हरवर खोट्या विनंत्यांचा मारा केला, जग गोठलं आणि एकाच वेळी अनेक जण मेले. इथे 'माझं चुकलं' म्हणायला जागाच नव्हती. अशा जाणूनबुजून घडवलेल्या सामूहिक घटनेत मेलेल्यांना उठवू, असं कंपनीने जाहीर केलं. मला हा निर्णय पटतो. एकेकट्याच्या तक्रारीला दार बंदच राहिलं, आणि हल्लेखोराच्या हातून जीव घेण्याचा अधिकार काढून घेतला गेला.

मेल्यानंतर काय, हे सगळ्यांत कमी कष्टाचं पण सगळ्यांत जिव्हाळ्याचं काम. कॅरेक्टर खरोखर पुसायची गरज नसते. डेटाबेसमधल्या नोंदीवर एक खूण बदलली की पुरे. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये मेलेला साध्या लीगमध्ये जातो आणि तिथे जगतो. 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मधला हार्डकोअर आयर्नमॅन (आयर्नमॅन म्हणजे इतरांशी देवघेव न करता खेळणारा) आपला किताब गमावून साधा आयर्नमॅन होतो. मॅड गॉडमध्ये मेलेल्याची कीर्ती खात्यावर जमा होते. डायब्लो २मध्ये तर आधी परवानगी दिलेले सोबती मृताच्या अंगावरचं सामान उचलून घेऊ शकतात.

वॉरक्राफ्टमध्ये मेल्याची बातमी एका चॅनेलवर सगळ्यांना जाते: नाव, पातळी, कुठे, कुणाच्या हातून. पंधराव्या पातळीचा कुणी वेस्टफॉलमध्ये गेल्याचं वाचून तिथेच उभा असलेला दुसरा क्षणभर हात आवरतो. मेलेला मात्र लगेच दिसेनासा होत नाही. तो भूत होऊन स्मशानाजवळ उभा राहतो, गिल्डमधल्या, म्हणजे आपल्या गटातल्या, सोबत्यांशी बोलतो, काय झालं ते सांगतो. गिल्डचा प्रमुख असेल तर भूत असतानाच दुसऱ्याच्या हाती कारभार देतो. मग हवं तर कॅरेक्टर साध्या सर्व्हरवर फुकट हलवता येतं. बरेच जण ते हलवतात आणि पुन्हा क्वचितच उघडतात; त्याच संध्याकाळी पहिल्या पातळीचं नवं कॅरेक्टर घेऊन ते त्याच गिल्डमध्ये परत आलेले असतात.