विश्लेषण : दिव्यांग व्यक्तीचा निर्णय कोणाचा? साह्य करणाऱ्याला कायद्याने कोणती मर्यादा घातली आहे?

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या बहिणीचा वडिलोपार्जित घरात वाटा आहे. कागदपत्रे भाऊच सांभाळतो आणि तिचा वाटा विकतही तोच घेणार आहे. अशा व्यवहारात बहिणीची बाजू कोण मांडणार? अनेक घरांत उद्‌भवणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे.

कायदा काय सांगतो?

हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा, बँक कर्ज घेण्याचा हक्क आहे. निर्णय घेताना ती कोणाचेही साह्य घेऊ शकते, ते बदलू शकते किंवा थांबवूही शकते. साह्य करणाऱ्याने दबाव आणायचा नाही आणि तिची स्वायत्तता, प्रतिष्ठा व खासगीपण जपायचे, असे बंधन आहे.

नातेवाईकाचे हितसंबंध असतील तर?

आर्थिक किंवा मालमत्तेच्या व्यवहारात हितसंबंध आड येत असतील, तर साह्य करणाऱ्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हायचे असते. केवळ रक्ताचे नाते आहे म्हणून संशय घेता येत नाही. मात्र वरील उदाहरणात भाऊ स्वतःच खरेदीदार आहे. त्यामुळे त्याने बहिणीच्या वतीने बोलणे कायद्यात बसत नाही.

पालक नेमला की अधिकार संपतो का?

नाही. पुरेसे साह्य देऊनही निर्णय घेणे शक्य नसेल, तरच कलम १४ नुसार जिल्हा न्यायालय किंवा नियुक्त प्राधिकरण ‘मर्यादित पालक’ नेमू शकते. ही नेमणूक ठरावीक निर्णयापुरती आणि मुदतीपुरती असते. पालकाने त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेनुसार वागायचे असते.

इंग्लंडमध्ये काय व्यवस्था आहे?

तेथील २०१४च्या ‘केअर अ‍ॅक्ट’नुसार एखाद्याला आपल्या देखभालीच्या नियोजनात सहभागी होणे फार कठीण जात असेल आणि बाजू मांडणारे जवळचे योग्य माणूस नसेल, तर स्थानिक प्रशासनाला स्वतंत्र साहाय्यक द्यावाच लागतो. त्या व्यक्तीची पगारी देखभाल करणाऱ्याला हे काम करता येत नाही. भारतात साह्याचा हक्क आहे, पण प्रशासनाने असा स्वतंत्र साहाय्यक दिलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. त्यामुळे भार कुटुंबावर आणि स्वयंसेवी संस्थांवर पडतो.

दाद कोठे मागायची?

दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. शासकीय कार्यालयाने हक्क डावलला, तर राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांच्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई करायची असते. शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवावी लागतात.