शिंका थांबवणारं इंजेक्शन आणि मुलाचं 'बाळसं'



पोळा झाला की आमच्या पेडगावात रेल्वे स्टेशनच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणालगत जिकडं बघावं तिकडं गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून जातं. त्याच दिवसांत हजेरी घेताना "हजर सर"च्या आधी शिंक ऐकू येते. दोन-चार लेकरं तर दिवसभर नाक चोळत बसतात, डोळे लाल, वहीवर थेंब.

माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. वडिलांनी त्याला खासगी दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी शिंका बंद! वडील खूश, मीही खूश. पुढं शिंका आल्या की इंजेक्शन, असं दर आठवड्याला सुरू झालं. दिवाळीनंतर तो शाळेत आला तेव्हा गाल गोबरे, चेहरा गोल. "काय रे, चांगलं बाळसं धरलंय मामाच्या गावाला!" असं मीच सगळ्यांसमोर म्हणालो. ते बाळसं नव्हतं. परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनी आधीच्या चिठ्ठ्या मागितल्या तेव्हा कळलं की इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. स्टेरॉइड जास्त दिवस अंगात गेलं की चेहरा असा चंद्रासारखा गोल होतो. माझं ते वाक्य मला अजून टोचतं, म्हणून हा लेख.

आधी शिंका का येतात ते बघू. परागकण हे काही रोगजंतू नाहीत. पण काहींचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि नाकातल्या पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. त्यामुळं खाज, पाणी, शिंका. यालाच ॲलर्जीची सर्दी म्हणतात. ताप नसतो, नाकातून पाणी पातळ येतं आणि दरवर्षी ठरावीक हंगामात त्रास होतो, ही तिची साधी ओळख. आपल्याकडं यात गाजर गवताचा वाटा मोठा. १९५५ साली पुण्यात या गवताची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. काँग्रेस गवत, चटक चांदणी ही त्याचीच नावं. अर्थात धूळ, बुरशी, दुसरी गवतं यांचीही ॲलर्जी असते, सगळं खापर एकाच झाडावर फोडू नका.

आता स्टेरॉइड. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. त्याच घराण्यातलं औषध म्हणजे स्टेरॉइड. १९४८ साली अमेरिकेत सांधेवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं गेलं आणि १९५० मध्ये हेंच, केंडल व राईशस्टाईन यांना या कामासाठी नोबेल मिळालं. म्हणजे औषध मोलाचंच आहे. दम्याचा जोराचा झटका आला तर ते जीव वाचवतं. प्रश्न औषधाचा नाही, शिंकांसाठी ते सुईनं सगळ्या अंगात घालण्याचा आहे.

डेक्सामेथासोनचा परिणाम दीड-दोन दिवस राहतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा दिलं जातं. ट्रायमसिनोलोन नावाचं दुसरं इंजेक्शन स्नायूत साठून राहतं आणि कित्येक आठवडे हळूहळू रक्तात उतरतं. ऐकायला सोयीचं वाटतं, "एक सुई आणि हंगाम पार". पण गोळीनं त्रास झाला तर उद्याची गोळी थांबवता येते. टोचलेली सुई परत कशी काढणार? साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं विरळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, लहान मुलांची उंची खुंटू शकते. टीबीसारखा अंगात दबलेला आजार डोकं वर काढू शकतो. २०२१ च्या कोरोना लाटेत काळ्या बुरशीनं महाराष्ट्रात किती घरं हादरली ते आपण पाहिलं. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांचा त्यात हात होता.

हा प्रकार फक्त खेड्यातला नाही बरं का. ब्रिटनमध्येही खासगी क्लिनिक ट्रायमसिनोलोनची अशी इंजेक्शनं देतात, आणि तिथल्या औषध नियंत्रकांनी या आजारासाठी त्याला परवाना नसल्याचं स्पष्ट केलंय. डेन्मार्कमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरवर्षी अशी इंजेक्शनं घेणाऱ्यांत मधुमेह आणि हाडं ठिसूळ होण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

मग करायचं काय? साध्या त्रासाला डॉक्टर बहुधा सेटिरिझिनसारखी गोळी किंवा मुलांसाठी सिरप देतात. त्रास रोजचा असेल तर नाकात मारायचा स्प्रे. इथं पालक मला अडवतात, "सर, स्प्रेमध्येपण स्टेरॉइडच असतं की!" असतं. पण मात्रा अगदी थोडी, ती नाकातच काम करते आणि रक्तात फार कमी जाते. पिकाला पाणी हवं असेल तर मुळाशी ठिबक सोडायचं की सगळं शिवार बुडवायचं, एवढाच फरक. मात्र स्प्रे दुसऱ्या दिवशी जादू करत नाही. काही दिवस रोज, नेमानं मारावा लागतो. डोकं थोडं पुढं वाकवून, नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडं न करता बाहेरच्या बाजूला ठेवायचं. बहुतेक जण इथंच चुकतात आणि "स्प्रेनं गुण येत नाही" म्हणून सुईकडं वळतात.

एक गोष्ट ठळक सांगतो. हा लेख वाचून कुणीही मुलाचा दम्याचा पंप बंद करू नका. आणि आधीपासून वारंवार स्टेरॉइड सुरू असेल तर तेही स्वतःच्या मनानं एकदम थांबवू नका. बाहेरून औषध मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून झोपी जातात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. आमच्या त्या मुलालाही डॉक्टरांनी गोळ्या देऊन मात्रा हळूहळू कमी केली.

दवाखान्यात गेल्यावर "डॉक्टरसाहेब, यात स्टेरॉइड आहे का? किती वेळा द्यावं लागेल? स्प्रे चालेल का?" एवढं विचारायला संकोच करू नका. इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी जपून ठेवा. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तेव्हा मेडिकलवरून परस्पर आणून कुणाकडून टोचून घेणं तर नकोच. आणि खरं सांगायचं तर "सुई दिली नाही म्हणजे डॉक्टर काय कामाचा" हे आपणच म्हणतो. डॉक्टरांवर तो दबाव आपलाच असतो.

शेवटी शिक्षकांसाठी. श्रमदानात मुलांना गाजर गवत उपटायला लावायची आपली जुनी सवय आहे, मीही लावलंय. या गवतानं कातडीलाही ॲलर्जी होते, उघड्या हातांनी तर मुळीच नको. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह असतो. फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मोठ्यांनी ते काढावं. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं या गवताची पानं खाणारे मेक्सिकन भुंगेही उपलब्ध करून दिलेले आहेत. गेल्या वर्षी आम्ही पालकांना सोबत घेऊन कुंपणालगतचा पट्टा साफ केला. पलीकडचा रेल्वेचा तसाच आहे.

तो मुलगा आता वरच्या वर्गात आहे. चेहरा पूर्वीसारखा झाला, पण शिंका अजून येतात. दप्तरात रुमाल असतो आणि स्प्रे त्याची आई सकाळी स्वतः मारते.