७ यंत्रांवर १० पार्ट, ६ यंत्रांवर ९३

१९८४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रामचंद्रन जयकुमार यांनी अमेरिकेतल्या ३५ आणि जपानमधल्या ६० लवचीक उत्पादन प्रणाली, म्हणजे एफएमएस, तपासल्या. दोन्ही देशांत तोवर बसवलेल्या प्रणालींपैकी निम्म्याहून अधिक या पाहणीत आल्या. एका अमेरिकी प्रणालीत सरासरी ७ यंत्रे होती, जपानी प्रणालीत ६. अमेरिकेत एका प्रणालीवर १० प्रकारचे पार्ट बनत, जपानमध्ये ९३. वर्षभरात अमेरिकी प्रणालीवर १ नवा पार्ट चढे, जपानीवर २२. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या नोव्हेंबर-डिसेंबर १९८६ च्या अंकात या आकड्यांचा तक्ता छापून आला. कारखानदारीतली स्पर्धा कशावर जिंकली जाते हे समजून घ्यायचे तर आजही मला याच्याइतका बोलका तक्ता दुसरा दिसत नाही.

एफएमएस म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी काही मशिनिंग सेंटर, जॉब फिक्स्चरसकट एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणारी पॅलेटची व्यवस्था, प्रत्येक यंत्रापाशी हारीने लावलेली टूल्स आणि कोणता जॉब कधी, कुठे जाणार हे ठरवणारा मध्यवर्ती संगणक. पार्ट बदलला म्हणून यंत्र खोलत बसावे लागत नाही. पॅलेट बदलते, प्रोग्रॅम बदलतो आणि काम पुढे चालू राहते. त्यामुळे ५ नगांची ऑर्डर आणि ५०० नगांची ऑर्डर एकाच जागी घेता येते. कल्पना मुळात ब्रिटिश. सिगारेटची यंत्रे बनवणाऱ्या लंडनच्या मोलिन्स कंपनीत थिओ विल्यमसन यांनी १९६० च्या दशकात ‘सिस्टिम २४’ आखली. नावातला २४ हा तासांचा आकडा: दिवसपाळीत माणसांनी पॅलेट भरून ठेवायची आणि रात्रभर यंत्रांनी एकट्याने काम करायचे. धंदा म्हणून ती तगली नाही. जयकुमारांच्या पाहणीतल्या ६० जपानी प्रणालींपैकी १८ मात्र माणसाविना चालत होत्या. अमेरिकेत अशी एकही नव्हती.

आता जरा खोलात जाऊ. अमेरिकी प्रणालीवर एका पार्टचे वर्षाला सरासरी १,७२७ नग निघत, जपानीवर २५८. दिवसाला निघणारे एकूण नग अनुक्रमे ८८ आणि १२०. यंत्रामागे भागून पाहिले तर अमेरिकेत दिवसाला साधारण साडेबारा नग, जपानमध्ये २०. पार्टांचे प्रकार वाढवले की उत्पादन घटते, हा शॉप फ्लोअरवरचा जुना समज इथे टिकत नाही. नऊपट विविधता सांभाळणारे कारखाने यंत्रामागे दीडपटीहून अधिक माल काढत होते, आणि दोन्हीकडची कामे आकाराने व गुंतागुंतीने तुलना करण्याजोगी होती. हे कसे जमले त्याचा पुरावा आणखी एका आकड्यात आहे. जपानी प्रणालीत दिवसाला सरासरी २०.२ तास प्रत्यक्ष धातू कापला जाई, अमेरिकी प्रणालीत ८.३ तास. उरलेल्या वेळात महागडे यंत्र कशाची तरी वाट पाहत उभे असे.

पण माझ्या मते या तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा २२ हा आहे. ९३ पार्टांत वर्षाला २२ नवे, याचा अर्थ चार-सव्वाचार वर्षांत सगळी यादी नवी होऊ शकते. १० पार्टांत वर्षाला १ नवा, म्हणजे त्यालाच दहा वर्षे. त्यात अमेरिकी प्रणाली उभी करायलाच अडीच ते तीन वर्षे लागत, जपानी प्रणालीला सव्वा ते पावणेदोन. दोन कंपन्यांनी एकाच दिवशी काम सुरू केले तर अमेरिकी प्रणालीवर पहिला नग निघेपर्यंत जपानी कंपनी पाऊण वर्ष तरी उत्पादन काढून मोकळी झालेली असे.

यंत्रे जवळजवळ सारखी असताना फरक आला कुठून? जयकुमारांनी माणसांचे आकडेही दिले आहेत. त्यांनी पाहिलेल्या जपानी कंपन्यांत कामगारवर्गापैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक पदवीधर इंजिनिअर होते आणि सगळ्यांना सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रांचे, प्रशिक्षण होते. अमेरिकेत इंजिनिअर ८ टक्के आणि सीएनसी शिकलेले २५ टक्क्यांहून कमी. जपानमध्ये ज्यांनी प्रणाली आखली तेच ती चालवायलाही थांबत, चुका शोधत, प्रोग्रॅम सुधारत. अमेरिकेत प्रणाली सुरू झाली की आखणारे पांगत. मागे राहिलेल्यांकडून अपेक्षा एवढीच, की चालू आहे ते बिघडवू नका आणि नग मोजून द्या. अशा ठिकाणी नवा पार्ट म्हणजे विघ्नच. लवचिकतेसाठी पैसे मोजायचे आणि यंत्र मात्र एकाच साच्याचा माल काढायला जुंपायचे, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत वाईट उधळपट्टी वाटते.

लवचिकतेचे मूळ गणित संगणकाच्या आधीचे आहे. एका वेळी किती नगांचा लॉट काढावा याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले. त्यानुसार किफायतशीर लॉट सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सेटिंगला वेळ जास्त लागत असेल तर एकदा बसवलेल्या डायवर भरपूर माल काढून ठेवणे भाग पडते. १९६९ साली टोयोटात १,००० टनी प्रेसचा डाय बदलायला ४ तास लागत. सल्लागार शिगेओ शिंगो यांनी आधी तो वेळ दीड तासावर आणला आणि व्यवस्थापनाने पुन्हा रेटा लावल्यावर ३ मिनिटांवर. २४० मिनिटांची ३ मिनिटे झाली, म्हणजे ८० वा हिस्सा. ८० चे वर्गमूळ सुमारे ९. सेटिंगचा खर्च वेळेच्या प्रमाणात धरला तर किफायतशीर लॉट नवव्या हिश्श्यावर येतो आणि त्या लॉटपायी स्टोअरमध्ये अडकणारा पैसाही. यात रोबो नव्हता. यंत्र थांबण्याआधी करता येईल ते सगळे आधीच करून ठेवायचे आणि बोल्ट फिरवण्यात जाणारा वेळ छाटायचा, असे ते काम होते.

बाजारात याचा परिणाम काय होतो ते होंडा आणि यामाहा यांच्या झुंजीत दिसले. १९८१ च्या सुमारास मोटरसायकलमधले होंडाचे पहिले स्थान घ्यायचे यामाहाने ठरवले. तेव्हा दोघांकडेही साधारण ६०-६० मॉडेल होती. पुढच्या १८ महिन्यांत होंडाने ११३ मॉडेल नवी आणली किंवा बदलली, यामाहाने ३७. गिऱ्हाइकाला यामाहाची गाडी जुनी वाटू लागली, न खपलेल्या गाड्या साचल्या आणि यामाहाने जाहीर माघार घेतली. भाव उतरवण्याचे हत्यार होंडाने वापरलेच, पण ते कोणालाही वापरता येते. दीड वर्षात ११३ बदल पेलायला मात्र डिझाइनपासून असेंब्लीपर्यंत सगळी साखळी तशी घडवावी लागते.

मग ही गुंतवणूक सगळेच का करत नाहीत? उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. हार्वर्डचेच रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८६ मध्ये जपानच्या यामाझाकी कंपनीचे उदाहरण दिले. १.८ कोटी डॉलरची एफएमएस बसवल्यावर तिथली यंत्रे ६८ वरून १८ झाली, माणसे २१५ वरून १२, जागा १,०३,००० चौरस फुटांवरून ३०,००० आणि माल तयार व्हायचा सरासरी वेळ ३५ दिवसांवरून दीड दिवस. तरीही दोन वर्षांतली बचत ६९ लाख डॉलर, त्यातही ३९ लाख साठा घटल्यामुळे एकदाच हाती आलेले. मजुरीतली १५ लाखांची वार्षिक बचत २० वर्षे चालू राहिली असे धरले तरी परतावा वर्षाला १० टक्क्यांच्या आतच. १५ टक्के मागणारा वित्त विभाग असा प्रस्ताव फेटाळणारच. ३५ दिवसांचे दीड दिवस झाल्यामुळे कोणत्या ऑर्डरी मिळतील आणि कोणती गिऱ्हाइके टिकतील, याला त्या वहीत रकानाच नसतो. (२१५ वरून १२ या आकड्यामागच्या २०३ माणसांचे पुढे काय झाले, हाही रकाना नसतो, आणि तो असायला हवा.)

लवचिकता सगळीकडे परवडते असे नाही. एकच पार्ट लाखोंनी, वर्षानुवर्षे लागणार असेल तर त्याच कामासाठी बनवलेले एसपीएम स्वस्तात पडते. पण तो पार्ट वर्षानुवर्षे लागेल याची खात्री कोण देणार? १ एप्रिल २०२० ला देशात वाहनांच्या प्रदूषणाचे निकष बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेले आणि बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. कार्ब्युरेटरच्या बॉडीसाठीच बांधलेल्या एसपीएमला त्या दिवसानंतर काम उरत नाही. व्हीएमसीला, म्हणजे उभ्या मशिनिंग सेंटरला, नवे फिक्स्चर आणि नवा प्रोग्रॅम दिला की ते थ्रॉटल बॉडीकडे वळते. विजेवरच्या गाड्यांमुळे इंजिनाच्या आणखी कितीतरी पार्टांवर हीच वेळ येते आहे.

भोसरी, वाळूज किंवा शिरोलीतल्या लहान कारखानदाराला जपानचा आणखी एक आकडा उपयोगी पडावा: तिथल्या सीएनसी यंत्रांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लहान-मध्यम कंपन्यांत गेली होती. यंत्र कर्जाने घेता येते, ते आपल्याकडेही घेतले जाते. त्यानंतर वहीत दोन नोंदी ठेवाव्यात: ड्रॉइंग हाती आल्यापासून पहिला नग इन्स्पेक्शनमधून पास व्हायला किती दिवस लागले आणि वर्षात असे किती नवे पार्ट घेतले. कारखान्यात प्रोग्रॅम करणारा सेटर एकच असेल आणि तो रजेवर गेला की नवा जॉब अडून राहत असेल, तर पुढचे यंत्र घेण्याआधी ऑपरेटरांपैकी दोघांना प्रोग्रॅमिंगला बसवावे.