वुहान: नदीने घडवलेले शहर आणि त्याभोवतीचे गैरसमज

जानेवारी २०२०मध्ये वुहानचे नाव घरोघरी पोचले आणि पाठोपाठ त्या शहराबद्दलच्या ऐकीव गोष्टीही. चीनच्या कुठल्याशा कोपऱ्यातले गाव, तिथला एक बाजार आणि तिथून निघालेला आजार, एवढीच त्याची ओळख अनेकांच्या मनात आजही आहे. साडेतीन हजार वर्षांच्या वस्तीचा इतिहास असलेल्या शहरावर हा अन्याय आहे. आणि तो दूर करायला फार खटपट करावी लागत नाही, कारण नुसता नकाशा उघडला तरी पहिली समजूत गळून पडते.

वुहान कोपऱ्यात नाही, दाट लोकवस्तीच्या चीनच्या अगदी मधोमध आहे. बीजिंग उत्तरेला, ग्वांगचौ दक्षिणेला, शांघाय पूर्वेला, चोंगछिंग पश्चिमेला, आणि चारही शहरे तिथून सरळ रेषेत साधारण सातशे ते अकराशे किलोमीटरच्या टप्प्यात. हुबेई प्रांताची ही राजधानी. २०२०च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास भरली. मात्र हा आकडा वाचून मुंबईसारखी दाटी डोळ्यांसमोर आणली, तर ती दुसरी चूक ठरेल. वुहान महापालिकेची हद्द सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याहून मोठी आहे. तिच्यात उंच इमारती आहेत, तशीच शेते, खेडी आणि शंभरांहून जास्त तळीही आहेत.

वुहान हे पहिल्यापासून एकच शहर होते, असेही अनेकांना वाटते. खरे तर ती तीन वेगळी शहरे होती. यांगत्से नदी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहते आणि वायव्येकडून येणारी हान नदी तिला इथे मिळते. यांगत्सेच्या पूर्व काठावर वुचांग. पश्चिम काठाचे हान नदीने दोन भाग केलेले: उत्तरेला हांकौ, दक्षिणेला हांयांग. वुचांगमध्ये राज्यकारभार आणि छावण्या, हांकौत व्यापारी पेढ्या आणि गोद्या, हांयांगमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांग चतुंग या प्रांताधिपतीने उभारलेला पोलाद कारखाना आणि शस्त्रागार. १९२७मध्ये राष्ट्रवादी सरकारने या तिघांना एका नावाखाली आणले. त्यानंतरही तीस वर्षे यांगत्सेवर पूल नव्हता. बीजिंगहून आलेली आगगाडी हांकौला थांबे, तिचे डबे बोटीवर चढवून पलीकडे वुचांगला नेत आणि तिथून पुढचा दक्षिणेचा प्रवास सुरू होई. सोव्हिएत अभियंत्यांच्या मदतीने बांधलेला दुमजली पूल ऑक्टोबर १९५७मध्ये खुला झाला. वर मोटारी, खाली रेल्वे. यांगत्सेच्या मुख्य प्रवाहावरचा हा पहिला मोठा पूल.

तिघांत धाकटे हांकौ, आणि त्याचा जन्म थेट नदीमुळे झाला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हान नदीने पात्र बदलले. आधी ती हांयांगच्या दक्षिणेला यांगत्सेला मिळत असे, आता उत्तरेला मिळू लागली. नव्या मुखापाशी होड्यांना सुरक्षित बंदर मिळाले आणि काही पिढ्यांतच ओसाड दलदलीच्या जागी चीनमधल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक उभी राहिली. समुद्र हजार किलोमीटर दूर असला, तरी पात्र एवढे खोल की पावसाळ्यात समुद्री जहाजे हांकौपर्यंत येत. म्हणूनच दुसऱ्या अफू युद्धातील तहानंतर, १८६१मध्ये, परदेशी व्यापारी इथे आले. ब्रिटिशांमागून जर्मन, रशियन, फ्रेंच आणि जपान्यांनीही नदीकाठी आपापल्या वसाहती आखून घेतल्या. रशियन व्यापाऱ्यांनी तर इथे कारखाने काढून चहाच्या दाबलेल्या विटा बनवल्या आणि त्या सायबेरियापर्यंत पाठवल्या. समुद्रापासून लांब असलेले शहर जगापासूनही लांब असणार, हा समज हांकौला अजिबात लागू पडत नाही.

जुनेपणाबद्दलही उलटसुलट समजुती आहेत. वुहानचे बोधचिन्हच बनलेला पिवळ्या करकोच्याचा मनोरा पाहून पर्यटकांना वाटते की तो प्राचीन आहे. तिसऱ्या शतकात तिथे मनोरा उभा राहिला, त्यावर थांग काळातील कवींनी लिहिले, हे खरे. पण तो कितीदा तरी जळाला आणि पुन्हा बांधला गेला. १८८४च्या आगीनंतर शतकभर तो नव्हताच. जुन्या जागेवर पुलाचे बांधकाम आल्यामुळे आजचा मनोरा सुमारे एक किलोमीटर अलीकडे, १९८५मध्ये काँक्रीटमध्ये पुरा झाला. आत लिफ्टही आहे. खरे प्राचीन वुहान पाहायचे तर शहराच्या उत्तरेला पानलोंगचंगला जावे लागते. १९५४च्या महापुरात बांध भक्कम करण्यासाठी तिथली माती खणायला घेतली आणि शांग काळातील, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या तटबंदीच्या नगराचा पत्ता लागला.

शालेय इतिहासामुळे आणखी एक गोष्ट मनात बसलेली असते: सुन यत-सेन यांनी क्रांती केली आणि चीनची राजेशाही संपवली. ठिणगी मात्र त्यांच्या हातून पडली नाही. ९ ऑक्टोबर १९११ला हांकौच्या रशियन वसाहतीत क्रांतिकारक गुप्तपणे बॉम्ब बनवत असताना स्फोट झाला. पोलिसांच्या हाती कागदपत्रे पडली, धरपकड सुरू झाली. आता नावे फुटलीच आहेत हे ओळखून वुचांगमधल्या सैनिकांनी दुसऱ्याच रात्री उठाव केला आणि शहर ताब्यात घेतले. सुन यत-सेन तेव्हा अमेरिकेत होते. ही बातमी त्यांनी तिथे वाचली. चार महिन्यांनंतर शेवटच्या सम्राटाने गादी सोडली. तैवानमध्ये आजही १० ऑक्टोबर हा राष्ट्रीय दिन असतो, तो वुचांगच्या याच रात्रीमुळे.

पण वुहानकरांच्या जगण्यावर राजकारणाहून जास्त पकड आहे ती पाण्याची. हांकौच्या जलमापन पट्टीवरचे आकडे तिथे इतिहासाच्या सनावळीसारखे सांगितले जातात. १९३१मध्ये पाणी २८.२८ मीटरला पोचले, बांध फुटले आणि हांकौचे रस्ते कित्येक आठवडे पाण्याखाली राहिले. १९५४मध्ये पाणी त्याहूनही वर, २९.७३ मीटरपर्यंत चढले. तेव्हा मात्र लाखो माणसांनी उभारलेल्या बांधांनी शहर वाचवले, त्याची किंमत आसपासच्या ग्रामीण भागाने मोजली. १९९८मध्ये २९.४३ मीटर.

‘आता तीन घळींचे धरण झाले, पूर संपले’ हा यातला सर्वांत धोकादायक गैरसमज. ते धरण वुहानच्या वर, यीचांगजवळ आहे. यांगत्सेचे वरून येणारे पाणी ते अडवते, पण तोंगथिंग सरोवरात उतरणाऱ्या हुनानच्या नद्या आणि खुद्द हान नदी यांगत्सेला मिळतात त्या धरणाच्या खाली. त्यांच्यावर या धरणाचा ताबा नाही. जुलै २०२०मध्ये धरण असूनही हांकौत पाणी २८.७७ मीटरवर गेले. शिवाय शहरात पडणारा पाऊस हा वेगळाच प्रश्न आहे. विसाव्या शतकात घरांसाठी आणि शेतीसाठी अनेक तळी बुजवली गेली, पाण्याने थांबायचे कुठे हेच उरले नाही, आणि जुलै २०१६च्या पावसात रस्त्यांचे ओढे झाले. मुंबईची मिठी नदी आठवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. २०१५पासून पाणी जमिनीत मुरवण्याच्या राष्ट्रीय योजनेत वुहानचा समावेश झाला आहे.

हवामानाबद्दल थोडक्यात: वुहान चीनच्या ‘भट्टी’ म्हणवल्या जाणाऱ्या शहरांत मोडते, म्हणून ते वर्षभर गरम असेल असे वाटते. ते आहे साधारण चंदीगढच्या अक्षांशावर. हिवाळ्यात पारा शून्याजवळ जातो आणि बर्फही पडते.

राहिला खाण्याचा विषय. २०२०मध्ये वटवाघळाच्या सुपाचा एक व्हिडिओ जगभर फिरला, वुहानचे जेवण म्हणून. तो वुहानमधला नव्हताच. २०१६मध्ये प्रशांत महासागरातील पलाऊ या बेटांवर एका पर्यटन कार्यक्रमासाठी तो चित्रित झाला होता. सुरुवातीला उल्लेखलेल्या त्या बाजारात, म्हणजे हुआनान बाजारात, जिवंत रानटी प्राणी विकले जात, हे खरे. कोरोनाचा विषाणू माणसात नेमका कसा आला यावर अजून एकमत नाही, हेही खरे. पण शहराचा रोजचा आहार वेगळाच आहे. सकाळी सात वाजता हांकौच्या गल्लीत उभे राहिले तर दिसतात ते नूडल्स: आदल्या दिवशी उकडून, तेल लावून गार केलेले. गाळणीत घालून उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायचे, झटकायचे, वर तिळाची दाट पेस्ट, मुळ्याचे लोणचे, कांद्याची पात. कागदी वाडग्यात घेऊन लोक चालता चालता खातात. घरी पाहुणा आला की कमळकाकडी आणि फासळ्यांचे सूप, कारण कमळकाकडी तळ्यांतून मुबलक मिळते.

मराठी माणसाची वुहानशी ओळख २०२०मध्ये झाली, हाही एक गैरसमजच. जपानी सैन्याने नानजिंग घेतल्यावर १९३८मध्ये चीनचा लढा काही महिने वुहानमधून चालला. त्या सप्टेंबरअखेर काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक हांकौला पोचले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा, वुचांगच्या उठावाच्या बरोबर एक वर्ष आधीचा. ऑक्टोबरअखेर वुहान पडले. पथक नदीच्या वरच्या अंगाला यीचांग आणि पुढे चोंगछिंगला गेले, तिथून उत्तरेला. ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणिसांनी चीनमध्येच देह ठेवला. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. वुहान समजून घ्यायला निघालेल्या मराठी वाचकाने पहिली पायरी म्हणून तिथे जरूर जावे.