जिंकलेल्या दाव्याचा खर्च

समजा, कपाट करून देण्यासाठी एका कारागिरास आपण २०,००० रुपये आगाऊ दिले. त्याने कपाट दिले नाही, पैसेही परत केले नाहीत. आपण वकील दिला, दावा लावला आणि जिंकलो. ‘दावा खर्चासह मंजूर’ हे शब्द कानी पडताच वाटते की, वकिलाला दिलेले १०,००० रुपयेही वसूल झाले. पुढे हुकूमनामा हाती येतो आणि खर्चाच्या तक्त्यात वकिलाच्या फीपुढे त्याहून पुष्कळच लहान आकडा दिसतो. हे असे का, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अमेरिकेत १७९६ सालापासून सामान्य नियम असा की, ज्याचा वकील त्यानेच पोसावा. कॅलिफोर्नियाच्या लहान दाव्यांच्या न्यायालयात तर पक्षकारातर्फे वकिलाला सहसा उभेच राहता येत नाही. इंग्लंडात हरणाऱ्याने खर्च द्यावा असा नियम आहे. परंतु सामान्यतः १०,००० पौंडांपर्यंतच्या लहान दाव्यांत वकिलाची फी सहसा मिळत नाही. लहान रकमेपायी मोठा खर्च होऊ नये, हा त्यामागील हेतू.

आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ खर्चाचा निर्णय न्यायालयावर सोपविते. जिंकणाऱ्यास खर्च द्यावयाचा नसेल, तर न्यायालयाने कारणे लिहावी लागतात. म्हणजे तत्त्व जिंकणाऱ्याच्या बाजूचे आहे. अडचण मोजमापाची आहे. तक्त्यात वकिलाची फी धरावयाची ती नियमांतील प्रमाणाने. आपण प्रत्यक्ष काय दिले, त्यावरून नव्हे. खर्च वास्तव आणि वाजवी असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले; पण नियमांनी घातलेली मर्यादा ओलांडून प्रत्यक्ष फी देववता येत नाही, असेही त्याच न्यायालयाने २०११ साली म्हटले. खोट्या दाव्याबद्दल वा खोट्या बचावाबद्दल कलम ३५-अ खाली भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये. व्यापारी वादांसाठी मात्र २०१५ च्या कायद्याने अधिक उदार तरतूद केली आहे.

मग सामान्य माणसाने काय करावे? आमचे सांगणे एवढेच की, हिशेब दाव्याआधी करावा. दाव्यात खर्चाची मागणी स्पष्ट लिहावी. नोटीस, टंकलेखन, साक्षीदार यांच्या पावत्या जपून ठेवाव्या. हे खर्च मागता येतात. वकिलाकडून फीची पावती घ्यावी. आणि प्रकरण ग्राहकाचे असेल, तर आधी जिल्हा ग्राहक आयोगाची वाट पाहावी. तेथे आपली तक्रार आपणच मांडता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीही पडत नाही. वरील कपाटाचे प्रकरण तेथेच शोभते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे जुने लोक म्हणत. आम्ही तसे म्हणणार नाही. हक्क सोडून देणे हा शहाणपणा नव्हे. मात्र चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होऊ नये, एवढे पाहिले म्हणजे पुरे.